टाकीच्या तळचं पेट्रोल

आचलचे बाबा,

आचलले घेऊन मी चांदूर रेल्वेले चालली, उद्या माह्या बाबाची तेरवी आहे. झुनका-भाकर झाकून ठेवली आहे.

बाबानं आपल्याले देल्लेली जुनी पिकअप नेऊन राहिली. तिची टाकी मी काल उतरवली, आत बारीक गिट्टी टाकून हलवली, तवा कुठं तळचा गाळ निंगाला. फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला. आता पहिल्याच सेल्फले चालू होते.

तुमच्या बाईकचं पेट्रोल सरलं की तुमी पिकअपच्या टाकीले नळी लावून तोंडानं पेट्रोल ओढत होते. गाडी देतानाच बाबानं सांगतलं होतं, टाकी जुनी आहे, तळाले येऊ देऊ नका, इंजिन गाळ ओढते. मी आठवण देली की तुमी हासत होते.

बाबा गेले त्या दिवशी त्याच गाळानं गाडी बडनेऱ्याच्या पुढे बंद पडली. मी रोडवर लोकायले हात दाखवत उभी होती. तुमी कामावरून परस्पर बाईकनं पोचले, पिकअपमधल्याच पेट्रोलवर. बाबाचं तोंड तुमी पाह्यलं. मी पोचली तवा चिता पेटली होती. अन् लोक म्हणे, जावई पोरासारखा धावून आला.

टाकी धुतली म्हणून रिकामी होती. तुमच्या बाईकमधलं सारं पेट्रोल काढून तिच्यात टाकलं. तोंडातला वास अजून गेला नाही. नळी तुमच्याच खुंटीवर टांगली आहे.

तेरवीले वेळेवर या.

दामिनी