करंटचं पाणी आणि तुमची मोसंबी

प्रिय अण्णा,

आज सकाळी तुमच्या मोसंबीला माझं पाणी दिलं. तुम्ही असता तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नसता. आता अबोला धरायलाही तुम्ही नाही, म्हणून लिहून सांगतेय.

आठवतं, शेंद्र्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात नोकरी लागली तेव्हा मी काचेच्या बरणीत वसाहतीचं सांडपाणी घरी आणलं होतं? दोन लोखंडी पट्ट्या, एक बॅटरी. वीज सोडली, मळाच्या गुठळ्या झाल्या, आणि गाळल्यावर पाणी नितळ! मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही ओट्यावर पाय वर घेतलेत.

"पोरी, करंट उतरलाय त्यात. झाडाला झटका बसंल की!"

मी किती हसले! "हसू नको," तुम्ही म्हणालात, "पाण्याच्या मोटारीच्या पेटीनं झटका देऊन मला फेकलं तवा तू पाळण्यात होतीस." दुसऱ्याच दिवशी शहागंजच्या बाजारातून आईसाठी रबरी बूट आणलेत. लेकीचं पाणी चुकून रानात आलंच तर! तिच्या मापाहून मोठे होते, पण काय मिरवले तिनं!

एकदा तरी प्रकल्प बघायला यायचं होतंत, अण्णा. शेवटपर्यंत टाळलंत. का हो?

तुम्ही गेलात आणि आईनं तुमचा शब्द धरून ठेवला. यंदा बोअर आटला, पानं मुडपली, तरी तिचं एकच: "त्यांनी नको म्हटलंय." प्रकल्पाचं पाणी घेऊ या म्हणून मी समजावून थकले. काल तिनं गळालेली हिरवी फळं पदरात गोळा केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सोड उद्या तुझं पाणी."

प्रकल्पाच्या पाइपातून पाणी आलं आणि तिनं बूट काढले. मी ओरडेपर्यंत ती आळ्यात उभी!

"आधी मला बसू दे झटका. मग झाडाला."

म्हणजे इतकं सांगूनही ती तुमचंच खरं मानत होती! खोडाला धरून, डोळे घट्ट मिटून उभी होती. मग एक डोळा उघडला. "गार हाय गं," एवढंच म्हणाली.

चांगल्या पाण्यानं तिचे पाय धुताना मला रडू आवरलं नाही. तुमची फार आठवण आली.

अण्णा, शब्द देते. हे पाणी तपासल्याशिवाय झाडापर्यंत येणार नाही. ज्या दिवशी मला शंका येईल, त्या दिवशी मीच ते बंद करीन, मग बाग वाळली तरी चालेल. पण आईवर पुन्हा आळ्यात उतरून बघायची वेळ येऊ देणार नाही.

तुमची,
सुनंदा