खुडूक कोंबडीखालची तेरा अंडी

आई, आज सकाळी माझ्या कोंबडीनं नऊ पिल्लं काढली. बारामतीत घरामागं एवढीशी जागा आहे, तिथं मी पाच-सहा कोंबड्या ठेवल्यात. दहावं पिल्लू अंड्याला भोक पाडून थांबलं होतं, चोच तेवढी बाहेर. माझा हात पुढं गेला आणि मागं आला. पणदऱ्याच्या घरी, मी आठ वर्षांची असताना, असंच एक अडकलेलं पिल्लू मी नखानं टरफल सोलून बाहेर काढलं होतं. ते ओलंगिच्च पिल्लू मान धरेना. तू मला मारलं नाहीस. ते माझ्या ओंजळीत ठेवलंस आणि म्हणालीस, "आता ह्ये मरंस्तवर हातातनं खाली ठेवायचं न्हाय." तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, मी शेजारी उभी. सगळ्या भाकरी झाल्या, तू परात धुतलीस, तेव्हा कुठं ते गार पडलं. "कळलं?" तू विचारलंस. मी मान हलवली. काय कळायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तुझ्या मनासारखं वागायचं, एवढंच त्या दिवसापासून डोक्यात बसलं.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वहिनी पळसदेवची. माझी वेणी घालताना ती केस कधी ओढायची नाही, तू ओढायचीस. तीन वर्षं झाली, तिला दिवस राहिले नाहीत, आणि तू तिला खुराड्याजवळ येऊ देईनास. "अंड्याला हात लावू नगं. तुझी सावली बी नगं." ती मुकाट्यानं मागं सरायची. शेजारणी आल्या की तू हे मुद्दाम मोठ्यानं बोलायचीस, आणि मी हसायचे, कारण तू माझ्याकडं बघून हसायचीस.

मग एक दिवस आपली काळी कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसायला बघायला लागली, आणि आबा नि दादा जेवत असताना वहिनी त्यांच्यादेखत तुला बोलली. "आत्याबाई, एकदा मला कोंबडी बसवू द्या. पिल्लं निघाली तर पुन्यांदा मला तसलं बोलायचं न्हाय."

"आन न्हाय निघाली तर?"

"तर तुमी म्हणाल तसं."

दादानं ताटातनं वर बघितलं नाही.

तिनं पाटीत भुस्कट घातलं, एकेक अंडं उन्हाकडं धरून पारखलं, कोळशाचा ठिपका लावून तेरा ठेवली. चौथ्या दिवशी ती कालव्यावर धुणं घेऊन गेली. तू चुलीवरचं आधण उतरवलंस आणि मला म्हणालीस, "कोंबडी धर." मी धरली. पंखाखालून तिचं अंग तापल्यासारखं गरम लागत होतं. तू अंडी आधणात सोडलीस, थोड्या वेळानं काढून पदरानं कोरडी केलीस, गार होऊ दिलीस. अकराच. राहिलेल्या दोनांवर तू कोळशाचा आणखी एक ठिपका दिलास. "ही दोन राहू द्यात. तिच्या हाताला गुण असंल तर ही तरी निघतील. देवाला बी जागा ठिवाय पायजे."

ही दोन अंडी तुझ्या मनात काय होती ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तुझं काम अर्धवट राहिलंय. दुसऱ्या दिवशी तू दळण घेऊन गेलीस, वहिनी गोठ्यात होती. मी एकटीनं पाणी उकळलं, कोंबडीखाली हात घातला. तिनं मनगटावर चोच मारली, रक्त आलं. ती दोन अंडी पाण्यात बुडताना मला भीती वाटली नाही. तू किती खूश होशील, हेच मनात होतं.

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. वहिनी पाटीपुढं बसून अंड्यांना कान लावायची. तेविसाव्या दिवशी तू कोंबडी उचलून बाजूला टाकलीस आणि सगळ्यांपुढं म्हणालीस, "बघा. हिच्या हाताखाली अंडी बी वांझ." पण आई, मी तुझ्याकडं बघत होते. तू दोन ठिपक्यांची अंडी शोधलीस, हातात घेतलीस, आणि तुझा चेहरा उतरला. त्या क्षणापासून तुला वहिनीची खरोखरच भीती वाटायला लागली. तिनं पदरात अंडी घेतली, उकिरड्यावर गेली आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दादा तिला गाडीवरनं एसटी स्टँडवर सोडून आला. परत आणायला कुणी गेलं नाही.

दादाच्या दुसरीलाही मूल झालं नाही. तेव्हा तू म्हणालीस, पहिलीचा तळतळाट लागला. शेवटच्या आजारातही तुझ्या तोंडी तेच. मी तुला चमच्यानं पेज भरवत होते. तू माझा हात धरून म्हणालीस, "दोन चांगली अंडी ठिवली हुती गं मी तिच्यासाठी. ती बी मेली. म्या काय वंगाळ केलं न्हाय, व्हय ना?" मी म्हणाले, "व्हय आई," आणि पुढचा चमचा तोंडात दिला. सांगितलं असतं तर तू माझ्याकडं कशी बघितली असतीस, त्याची भीती वाटली. चाळिशीला आलेली बाई मी, तरी.

गेल्या महिन्यात एका लग्नाला पळसदेवला गेले होते. वहिनी भावाच्या घरी राहते. ओसरीवर बसून पिल्लांना कण्या टाकत होती. केस पांढरे झालेत. "वन्सं, या," म्हणाली, जणू कालच भेटलोय. चहा दिला. मग पिल्लांकडं बघतच बोलली, "तेराच्या तेरा उकडल्याली हुती. उकिरड्यावर मी एकेक फोडून बघितलं. घरात येऊन सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"येकच इचारते. तुमाला ठावं हुतं?"

"न्हाय वहिनी," मी म्हणाले. "समदी आईनंच केली असणार."

आई, तुला पाठवायला पत्ता नाही. पळसदेवचा पत्ता आहे, पण तिथं हे पाठवायची माझी छाती नाही. त्या दिवशी माझं ऐकून वहिनीनं हातातल्या कण्या खाली टाकल्या, पदराला हात पुसले. "तुमी तर ल्हान हुता," म्हणाली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली. मी तो फिरवू दिला. मला बरं वाटलं.