रबर प्लांटला धरलेला बहार

१० जानेवारी
मनिषा पुण्याला गेली. लेकीचं, धनश्रीचं, दुसरं बाळंतपण. दोन महिने तिकडंच. निघताना हॉलमधल्या रबर प्लांटची पानं ओल्या फडक्यानं पुसली, त्याच्याशी बोलली. मला म्हणाली, दोन दिसाआड तांब्याभर पाणी घाला, बाकी हात लावू नका. एवढ्या वर्षांचा संसार, आणि मला नुसतं ‘येते’! असो.

१३ जानेवारी
व्हिडिओ कॉल. आधी झाड दाखवा, म्हणाली. दाखवलं. मग कॅमेरा माझ्याकडं वळवला, तर कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली.
ठरवलं. ती येईपर्यंत या एका झाडाची दहा झाडं करायची. मग बघू कौतुक कुणाचं होतं. जन्म बँकेत गेला म्हणून काय झालं, आमचं घराणं डाळिंबवाल्यांचं.

१५ जानेवारी, सकाळी
डाळिंबाचा बहार धरताना पाणी तोडतात. झाडाला ताण बसला की पानं गळतात, मग छाटून पाणी सोडायचं, की जोमानं फुटतं. लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. रबर प्लांट काय आभाळातून पडलंय? आजपासून पाणी बंद.
मॉर्निंग वॉकला सगळ्यांना एकेक रोप कबूल केलं. शेजारच्या प्रवीणला दोन.

२९ जानेवारी
पहिलं पान गळालं. शाब्बास!
गावाकडं बाग बघणाऱ्या धाकट्या भावाला, भागवतला, फोन करून सांगितलं. लई हसला. म्हणे, दादा, घरातल्या झाडाला कशापायी ताण देतूस, त्याची काय फळं विकायचीत? भागवत पहिल्यापासून जळकाच आहे.

८ फेब्रुवारी
पानगळ उत्तम. मनिषाला नेट स्लो आहे सांगून कॅमेरा बंद ठेवला. तर म्हणाली, फोटो पाठवा. दिवाळीतला पाठवला. त्यात शेजारी तीच उभी निघाली.
नजर लागते म्हणून ताजे फोटो काढत नाही, असं सांगितलं. पटलं असावं.

१० फेब्रुवारी
छाटणी. शेंडा उडवला. मग डावी बाजू जड वाटली, ती कापली. मग उजवी जड वाटायला लागली. अर्ध्या तासात झाड कमरेएवढं! पांढरा चीक फरशीवर, सोफ्यावर, नव्या लेंग्यावर. चीक म्हणजे झाडात ताकद आहे.
दहा फांद्या मनिषाच्या श्रीखंडाच्या डब्यांत लावल्या.

२२ फेब्रुवारी
काड्या रोज उपटून बघतो. अजून एकीलाही मूळ नाही. प्रवीण म्हणाला, काका, उपटू नका की. न उपटता कळणार कसं?

१ मार्च
सात काड्या काळ्या पडल्या. तीन अजून विचार करतायत. प्रवीण रोज विचारतो, आमची रोपं कधी? लोकांना धीर म्हणून नाही.

५ मार्च
मूळ झाडाचा ताण तोडला. बादलीभर पाणी, मूठभर युरिया. पाणी सोफ्याखाली गेलं. झाडाला अजून काही समजलेलं दिसत नाही.

९ मार्च
उरलेल्या तीन काड्याही गेल्या. उद्या मनिषा येतेय. ओल्या फडक्यानं झाड पुसलं. पानं नव्हती, खोडच पुसलं. खरं सांगायचं तर तिच्याशिवाय घर खायला उठलं होतं. आणि आता ती येतेय तर भाषण लिहायला बसलोय.

१० मार्च
मांजरसुंब्याहून फोन आला, गाडी चहाला थांबलीय. मी भाषण तयार ठेवलं होतं. ती आली, कुंडीपाशी बसली, नखानं खोड थोडं खरवडलं. म्हणाली, आत हिरवं हाय अजून. आणि डोळ्याला पदर लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाषण राहूनच गेलं.

१८ मार्च
धनश्रीला एकटीला जमेना, म्हणून मनिषा परत पुण्याला निघाली. कुंडी शेजारी प्रवीणच्या बायकोकडं, अंजलीबाईंकडं, पोचवली. माझं जेवणही तिकडंच सांगितलं. दारात उभी राहून त्यांना समजावत होती, झाडाला दोन दिसाआड पाणी, यांना दोन टाइम भाकरी. आणि दोघांनाबी एकमेकांच्या जवळ सोडू नका.
अंजलीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाईट वाटलं. निदान माझं नाव तरी आधी घ्यायचं.