साध्या पाण्याची टाकी

पुणे, ८ जानेवारी २०१८
नवीन वही, नवीन धम्मदीप. आठवी फेल, पण आता प्रयोगशाळेत आहो. काम जिवंत शिंपल्यांच्या देखभालीचं. शिंपल्या आपल्याच करडीच्या तलावातल्या, मीच आणल्या. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, प्रयोग नीट झाला तर पर्मनंटसाठी तुझं नाव देते. मंग सिहोऱ्याची दीपमाला पक्की. तिच्या बाबानं साफ सांगितलं, टेंपररीले पोरगी देत नाही.

९ जानेवारी
तीन टाक्यांत चांदीचे कण टाकले. इतके बारीक का दिसतच नाही. शिंपल्यांले ते किती बाधतात ते पाहायचं. चौथीत नुसतं साधं पाणी. पीएचडीवाला अतुल म्हणे, बाकीच्यांची तुलना हिच्याशीच, चौथी मेली तर अख्खा प्रयोग मेला. नो टेन्शन. चौथी माझ्याकडं.

१३ जानेवारी, सकाळी
चौथीतल्या तोंड मिटून बसल्या. गावाची याद येत असन. मायले फोन लावला. माय म्हणे, तिकडचं पाणी बाधलं असन, तांब्याचा गडू ठेव ना पाण्यात, आपण घरी कायले ठेवतो मंग? सायंटिफिक आहे माय. गडू ठेवला, दगडामागं. मॅडमले सरप्राइज.

१६ जानेवारी
चार शिंपल्यांनी तोंड उघडलं. खुश दिसल्या. दुसरा गडू ठेवला.

१८ जानेवारी
वास येऊन राहिला. त्या चार मेल्या होत्या. आणखी सात उघड्या. चांदीवाल्या धडधाकट! उद्या मॅडमले सांगतो. नक्की.

१९ जानेवारी
मॅडम बिझी होत्या.

२१ जानेवारी
रविवार. सुट्टीत कायले कोणाले त्रास द्यायचा?

२२ जानेवारी
चौथी साफ. अतुलले गडू सापडले. म्हणे, आम्ही चांदीचं विष मोजतोय आणि तू यांना तांब्याचं पाजतोयस? म्हटलं, माणसं तर पितात. म्हणे, माणूस चोवीस तास त्यातच श्वास घेतो का? मॅडमनं फक्त मेलेल्या शिंपल्या मोजून वहीत लिहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर दोन घास तरी गेले असते.

करडी, २५ जानेवारी
नव्या दोनशे शिंपल्या आणाले मलेच पाठवलं. म्हणजे भरोसा आहे. दिवसभर कमरेएवढ्या गार पाण्यात. माय काठावरून ओरडे, मॅडमले फोटो पाठव!
पार्सल उद्या वरठी स्टेशनावरून. मॅडम म्हणाल्या, तू सोबत येऊ नको, नुसतं पार्सल कर.

२९ जानेवारी
मॅडमचा मेसेज. शिंपल्या पोचल्या, सगळ्या जिवंत. तुझे कपडे आणि गडू अतुल कुरिअर करेल.
दुपारी दीपमालाच्या बाबाचा फोन. झाला का पर्मनंट? तोंडातून हो निघालं. म्हणे, मंग रविवारी पुण्याले येतो, तुझं ऑफिस पाहून घेतो, तिकीट काढलं आहे. म्हटलं, या.
आज सोमवार. पुरे सहा दिवस आहेत.