एनोकीखालचा पाचोळा

प्रिय मिनोरी,

जिंकले! आधी हे लिहिते, ख्यालीखुशाली नंतर. आज सकाळी कपडे वाळत घालताना कुंपणाजवळच्या एनोकीच्या झाडाकडे मान वर केली, तर पानाखालच्या रिकाम्या कोषाला धरून ओमुरासाकी बसलेलं. तळहाताएवढं फुलपाखरू, पंख अजून ओलसर. ऊन लागल्यावर त्याने ते उघडले आणि तो जांभळा रंग पाहून मी तुझ्या बाबांचं नाव घेऊन चक्क ओरडले. ते असते तर म्हणाले असते, “हळू, शेजारी काय म्हणतील!”

शेजारी काय म्हणतील, इथूनच तर आपली पैज सुरू झाली. गेल्या ओबोनला, पितरांच्या सणाला, तू आणि शुन्सुके जोडीने आलात, तेव्हा बाबांची कातरून गोल केलेली झुडपं आणि हिरवळ मी काढून टाकली होती. त्यांच्या जागी इथल्याच डोंगरउतारावरचं गवत, रानफुलं आणि बेडकांसाठी डबकं. तू कपाळाला हात लावलास. “आई, हे अंगण आहे की रान? घर विकून टाक आणि सप्पोरोला चल.” शब्दाला शब्द वाढला आणि ठरलं, की पुढच्या ओबोनपर्यंत आपल्या एनोकीवर ओमुरासाकी निपजलं तर मी इथेच राहणार, नाही तर गुपचूप तुझ्या सातव्या मजल्यावर. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं एक म्हणणं मुकाट्याने ऐकायचं, ही अट मात्र तुझी.

शरदात पानांवर अळ्या सापडल्या तेव्हाच मी मनातल्या मनात जिंकले होते. पण ह्या अळ्या थंडी पडली की खोडावरून खाली उतरतात आणि बुंध्याशी पडलेल्या पाचोळ्यात झोपून हिवाळा काढतात. आणि आपल्या आळीत पाचोळा म्हणजे लाज! मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात शेजारच्या होसाकाबाईंनी स्वतःचं अंगण झाडता झाडता आपलंही लख्ख करून टाकलं. एकट्या बाईला तेवढीच मदत म्हणून. भरलेल्या पिशव्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या जाळीखाली नीट रचलेल्या, आणि गाडीचं गाणं पलीकडच्या गल्लीतून ऐकू येत होतं. मी घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून धावले गं! चारही पिशव्या कवटाळून परत आणल्या. होसाकाबाई मागोमाग. “अहो अमेमियाबाई, कचरा कुणी परत आणतं का?” मी ओसरीवर पाचोळा ओतला आणि एकेक पान उलटू लागले. त्यांना वाटलं, गेली ही कामातून. पण शेवटी त्याही गुडघे टेकून बसल्या आणि पहिली अळी त्यांनाच मिळाली. “अगं बाई, हिला तर शिंगं आहेत! आणि झोपलीय बघा कशी!”

तेव्हापासून राखण त्यांची. घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फळीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘अमेमियांच्या एनोकीखालचा पाचोळा कुणीही झाडू नये.’ ज्या लोकांनी मला वेडी ठरवलं होतं, तेच आता आपापल्या अंगणातलं पान उचलून माझ्याकडे आणतात, आत कुणी आहे का बघायला.

हिवाळ्यात पर्सिमनच्या झाडाच्या शेंड्यावर पाखरांसाठी नेहमी एक फळ ठेवतो ना, यंदा मी अर्धी फांदीभर फळं ठेवली. वसंतात गवतातून व्हायोलेटची जांभळी फुलं उगवली, डबक्यात बेडकांनी अंडी घातली आणि अळ्या पुन्हा झाडावर चढल्या. एक अळी चिमणीएवढ्या रामगंगा पक्ष्याने माझ्यादेखत मटकावली. बाग त्या पाखराचीही आहे, तक्रार कुणाकडे करणार? होसाकाबाईंनी मात्र त्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

आज त्या फुलपाखराने कुंपणावरून एक गिरकी मारली तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. शुभप्रसंगाचा लाल भात शिजवून आळीत वाटायचं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलंय.

आता माझं एक म्हणणं ऐक. नव्या वर्षाला तू एकटी आलीस, म्हणालीस शुन्सुकेला काम आहे. हल्ली फोनवर मागे त्याच्या बेसबॉलचा आरडाओरडा ऐकू येत नाही. परवा मी पाठवलेल्या पीचच्या पेटीबद्दल बोलताना तू म्हणून गेलीस, “एकटीने किती खाणार?” आणि लगेच विषय बदललास. मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. मला सप्पोरोला कशासाठी बोलावत होतीस तेही कळलं. पण हरलीस तू, मिनोरी. तेव्हा सामान बांध आणि घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. हवं तितके दिवस पडून राहा, कुणी काही विचारणार नाही. होसाकाबाईंना मी बघून घेईन.

वाट बघणारी,
तुझीच आई