दोनशे अकरावा नंबर

तीर्थरूप मामांना दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ऐकता ना? (नसालच.) आम्ही बरे आहोत, म्हणजे चालते-बोलते आहोत.

तुमची भाचेसून दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाली. छत्तीस वर्षं आजारी माणसं पाहिली, आता काहीतरी वाढताना पाहायचंय, म्हणते. आमच्या दोन खोल्यांत माती ठेवण्यासारखी जागा एकच, न्हाणीघराची खिडकी. तिथे टोमॅटोची सहा रोपं आहेत. मी अंग चोरून आंघोळ करतो. नगरपालिका भाजीसाठी खाटेएवढे वाफे भाड्याने देते असं कळलं, म्हणून अर्ज केला. वाफे चाळीस, आमचा नंबर दोनशे अकरावा. कधी लागेल विचारलं, तर कारकून म्हणाला, "काका, वाफा कुणी सोडत नाही हो. वर गेलं तरच." तेव्हापासून ही वाफेवाल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करते. मला लाज वाटते. (मीही करतो.)

शेवटी यादीतले आम्ही अकराजण स्वतःच जागा विकत घ्यायला निघालो. दलालाने दाखवलेली पहिली जागा इतकी उताराची, की एकमेकांचे हात धरून उभं राहावं लागलं. दुसरी सपाट होती, पण भाव ऐकून आमच्यातला शिंपी मटकन खाली बसला. अहो, नुसती भाजी लावायचीय, मी म्हणालो. दलाल म्हणाला, "जमिनीला कुठे कळतं, तुम्ही भेंडी लावताय की बिल्डिंग?"

तिसरी जागा आम्हीच शोधली. शाळेच्या भिंतीमागे, गवत माजलेली, वर्षानुवर्षं पडीक. मालक कोण, कुणालाच ठाऊक नाही. तीन आठवडे कचेरीत खेटे घातले तेव्हा कुठे जुन्या वहीत नाव सापडलं. घरी येऊन हिला सांगितलं. ती तडक उठून खुरपं शोधू लागली. इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

फार थकलोय, मामा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मालक तुम्ही निघालात. इथे नोकरीला असताना घर बांधायला म्हणून घेतली होतीत, आठवतंय? विकू नका. भाड्याने द्या, जमेल तेवढं देऊ.

आणखी एक : तुमच्या उत्तरासाठी थांबायला हवं होतं, पण ही ऐकेना. पालक उगवलाय.

शेवटचं : तुम्हालाही एक वाफा द्यावा असं सर्वांनी ठरवलं आहे. सध्या सगळे भरलेत. तुमचं नाव यादीत घातलंय, नंबर चौदावा.