समितीसाठी ठेवलेले तराजू

सोमवार, ४ जानेवारी १९६५

कोणीतरी तराजूला हात लावला आहे.

डावीकडच्या तराजूचा काटा शनिवारी मी बरोबर मध्यावर आणून ठेवला होता. आज तो दोन रेघा उजवीकडे. हवेनं नाही, थंडीनं नाही. काचेची पेटी बंद, वर मेणकापड, प्रयोगशाळेला कुलूप. किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी ऑफिसात खिळ्यावर. खिळ्यावरची किल्ली घेणारा माणूस एकच — पुंजाजी, आमचा शिपाई. रविवारी झाडून काढतो.

त्याला विचारलं. म्हणाला, "मी हात नाही लावला बाई. काच फुटली तं माहे नातूबी भरून राह्यतीन!"

हसत म्हणाला. जरा जास्तच हसला.

मंगळवार, ५ जानेवारी

तिन्ही तराजू नवे आहेत, दिवाळीनंतर आले. पेटीतून काढून मांडले, समतल केले, सगळं मी. नंतर प्रिन्सिपॉलसाहेबांचा हुकूम आला: विद्यापीठाची समिती फेब्रुवारीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परवानगी द्यायला येणार. ती पाहून जाईपर्यंत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना हात लावायचा नाही. "मिस सोनटक्के, नवी नवरी आहे ही. घुंगट समितीसमोरच उघडायचा."

म्हणून वजन मी करते. मुलं भोवती उभी राहतात आणि माझा आकडा उतरवून घेतात. अकरा जर्नलं, अकरांत एकच उत्तर, चौथ्या दशांशापर्यंत! बाहेरच्या परीक्षकाला यात काही खटकणार नाही, असं साहेबांना खरोखर वाटतं.

टर्मच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या कागदावर मला सही करायची आहे: 'सर्व प्रयोग स्वतःच्या हातानं, माझ्या देखरेखीखाली केले.' ती सही नाही तर टर्म नाही. टर्म नाही तर परीक्षा नाही. साहेबांना आजच सांगितलं, अशी सही मी करणार नाही.

"बघू," म्हणाले. कॅलेंडरकडे बघत.

गुरुवार, ७ जानेवारी

तास सुटल्यावर कोकिळा थांबली. अमडापूरची. वर्गात मुली दोन, त्यातली ही. बोलते कमी, बघते फार.

"बाई, टर्म नाही भेटली तर स्कॉलरशिप बंद होते का?"

"नियम तसाच आहे."

"एक वर्ष गेलं तर परत चालू होते?"

"नाही."

"मग हात लावू द्यायचा, असंबी नियमात असंल ना कुठं?"

उत्तर माहीत असून प्रश्न विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. नंतर उगाच आठवत राहिलं — तिचे वडील दुसऱ्याच्या रानात सालानं राबतात, आणि बौद्ध मुलांना मिळणाऱ्या त्या स्कॉलरशिपवरच ती इथे आहे. ती गेली की ही परत अमडापूरला.

शनिवार, ९ जानेवारी

निघण्याआधी तिन्ही पेट्यांच्या दारांवर, चौकटीला धरून, कापसाचा एकेक धागा चिकटवला. थेंबभर गोंद. दार उघडलं तर तुटणार. कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळच्या एस.टी.नं खामगावला, आईकडे. दर शनिवारी जाते, सोमवारी सकाळी परतते. हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे त्यालाही.

सोमवार, ११ जानेवारी

तिन्ही धागे तुटलेले.

आणि मधल्या तराजूच्या पारड्याच्या काठावर पिवळी बारीक कणी!

पुंजाजी बाजारपेठेत सराफाच्या ओट्यावर बसलेला मी दोनदा पाहिला आहे. सराफाला असा तराजू मिळाला तर तो काय सोडेल? रविवार बाजाराचा दिवस, इकडे कुणी फिरकत नाही. सगळं जुळतं.

जेवताना झुंबरबाईंना — मी त्यांच्या माडीवर राहते — सहज विचारलं, सोन्याचा भाव काय चाललाय. त्या पोळी तव्यावरच टाकून उभ्या राहिल्या. "काऊन बाई, सोनं काऊन पुसून राह्यल्या? जमलं काय कुठं? अन् मले सांगतबी नाही!"

म्हटलं, नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. दूध जास्त वाढलं.

मंगळवार, १२ जानेवारी

सोनं नव्हे. कणी काचेवर घेऊन कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला, लालभडक झाली. हळद!

क्षणभर स्वतःवरच हसले. मग हसू थांबलं. प्रयोगशाळेत हळद येतेच कशाला? संक्रांतीचे हळदीकुंकू परवापासून, आणि मी त्या बायकांत जात नाही. बोटांना लागलेली नव्हे, कणी होती. पूड मोजताना सांडते तशी.

पुड्या कोण मोजतं? वैद्य. बसस्टँडजवळच्या वैद्याकडे भस्मं असतात, गुंजेगुंजेनं विकतो. पुंजाजीची बायको त्याच्याकडूनच औषध नेते, हे तो स्वतःच बोलला होता.

सराफ नाही तर वैद्य. माणूस बदलला, गोष्ट तीच.

सोमवार, १८ जानेवारी

काल थांबून स्वतः बघायचं ठरवलं होतं. आईला ताप, जावं लागलं. आज पुन्हा धागे तुटलेले. वजनपेटीतली वजनं मात्र जागच्या जागी, चिमटा पुसून ठेवलेला. चोर नीटनेटका आहे. हे मला जास्त खुपलं.

साहेबांकडे गेले. तोंडी सांगून भागणार नाही म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलं: रविवारी प्रयोगशाळेत अनधिकृत वापर होतो, किल्ली पुंजाजीकडे असते. वैद्याचं नाव लिहिलं नाही. तो पुरावा नाही, अंदाज आहे.

साहेब फार खूश झाले. इतके का?

बुधवार, २० जानेवारी

पुंजाजीला होस्टेलवर टाकलं. पाणी भरायला. या वयात, रहाटाच्या विहिरीवर. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

जाताना प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. "मी हात नाही लावला बाई. त्या दिवशी सांगितलं, आजबी तेच सांगतो."

'मी'वर जोर होता. म्हणजे दुसरं कोणी आहे, आणि हा त्याला ओळखतो.

"मग कोणी लावला?"

"तुमी तं शिकलेल्या आहात," म्हणाला आणि गेला.

सोमवार, २५ जानेवारी

धागे शाबूत.

समाधान वाटायला हवं होतं. वर्ग मात्र गप्प. कुणी शंका विचारत नाही. मी वजन करताना बाकीचे आकड्याची वाट बघतात. कोकिळा तराजूकडे बघतच नाही, माझ्या हातांकडे बघते. मला ते आवडत नाही. हातातलं घड्याळ पर्समध्ये ठेवायला लागले आहे.

शुक्रवार, २९ जानेवारी

साहेबांनी अकरा कागद पुढे ठेवले. समितीला दाखवायला आधीच सह्या हव्यात म्हणे.

म्हटलं, मुलांनी तराजूला हातच लावलेला नाही. उद्यापासून लावू द्या, मी पंधरा दिवसांत सगळे प्रयोग करून घेते, आनंदानं सही करते.

"आणि समितीच्या आदल्या दिवशी एकानं काच फोडली म्हणजे?"

"मग नियम मोडून सही करू का?"

साहेबांनी चष्मा काढला. "मिस सोनटक्के, टेंपररी माणसानं इतकं परमनंट वागू नये." माझी नेमणूक एप्रिलअखेर. ते बोलले नाहीत, बोलायची गरज नव्हती.

कागद तसेच परत ठेवले.

रविवार, ७ फेब्रुवारी

खामगावला गेले नाही. उद्या समिती. तिन्ही काचा पुसल्या, मेणकापड धुतलं. वाटलं होतं त्यापेक्षा बाजार फार जवळ ऐकू येतो इथे.

सोमवार, ८ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं. क्रमानं.

समितीत तिघं. दोघांनी ग्रंथालय पाहिलं, चहा घेतला. तिसरे म्हातारे, रसायनशास्त्राचेच. ते तडक तराजूंपाशी आले. मेणकापड काढलं, वाकून बघितलं, म्हणाले, "फारच नवे दिसतात." बोटातली अंगठी काढली. "हिचं वजन करून दाखवा."

साहेबांनी मला पुढे ढकललं.

"तुम्ही नाही बाई. तुम्हाला येतं, हे गृहीत धरतो. विद्यार्थ्यानं."

कुणी हललं नाही. साहेबांचा चेहरा पांढरा. मी मनात वाक्य तयार केलं — विद्यार्थ्यांना तराजू वापरू दिलेला नाही. तोंड उघडलं.

तेवढ्यात कोकिळा पुढे आली.

पदर डाव्या बाजूला खोचला. पेटी उघडण्याआधी नखानं काचेवर दोनदा टकटक केलं. कळ हळूच फिरवून आधी रिकामा काटा बघितला. अंगठी बोटानं नाही, चिमट्यानं. मोठं वजन आधी, मग उतरत. काटा वाचण्यापूर्वी मान वळवून श्वास बाजूला सोडला.

टकटक करणं कुठल्याही पुस्तकात नाही. त्याचा उपयोगही काही नाही. ते मी करते. मी करते हे मला आज, तिला बघून कळलं.

आकडा सांगितला. म्हाताऱ्यांनी पडताळून पाहिला, बरोबर. मग मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावलं. त्यालाही आलं. मग आणखी एकाला. तिघांनीही टकटक केलं!

"कुणी शिकवलं?"

"बाईंनी," कोकिळा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

समिती गेल्यावर तिला थांबवून घेतलं. तिनं काही लपवलं नाही. रविवारी बाजाराच्या एस.टी.नं यायचे, खेड्यांवरची मुलं, गावातली मुलं, सगळे अकरा. पुंजाजी झाडेपर्यंत. तो दाराशी केरसुणी घेऊन बसायचा, म्हणायचा, "फोडलं तं मी ओळखत नाही तुमाले!"

"वजन कशाचं करत होता?"

"हळदीचं. रसायनं तर कुलपात. आई पुडी बांधून द्यायची. एकदा सांडली, पुसली होती आम्ही."

"आणि धागे?"

"दिसले. वाटलं, थंडीत पेटीची फट बुजवायला लावले असतील तुम्ही. परत चिकटवायला गोंद नव्हता आमच्यापाशी."

"मला विचारायचं होतं."

तिनं विचार केला. "तुम्ही नाही म्हटलं असतं. मग नाही म्हटल्यावर केलं असतं तर ते वाईट झालं असतं, बाई."

बुधवार, १० फेब्रुवारी

परवानगी मिळणार, असं म्हातारे जाताना बोलून गेले. तराजूंवर मेणकापड परत चढलं. पुढच्या वर्षी पुन्हा कोणी बघायला येईल ना!

वाटलं होतं, आता प्रश्न संपला. मुलांनी स्वतःच्या हातानं केलं आहे, सही करता येईल. पण कागदावर पुढे शब्द आहेत — 'माझ्या देखरेखीखाली'. मी तेव्हा खामगावला होते.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझीच तक्रार. "अनधिकृत वापर, तुमचेच शब्द. कोण, ते आता सगळ्यांना दिसलं. फाइल उघडली की कुणाच्या तरी नावावर बंद करावी लागते. पुंजाजीला काढतो. त्या मुलीची टर्म अडवतो, पुढे होऊन तीच आली ना? बाकीच्यांना समज."

"तिच्यामुळे परवानगी मिळाली, साहेब."

"म्हणून तर. आज तराजू उघडला, उद्या ऑफिस उघडतील."

मला वाटत होतं, या माणसाला भीती काचेची आहे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

होस्टेलच्या विहिरीवर गेले. पुंजाजी रहाटाला लागलेला. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

तोच म्हणाला, "पोरीनं केलं म्हणे बरोब्बर?"

"केलं."

"मंग काऊन असं तोंड करून राह्यल्या?" बादली रिकामी केली. "मले काढलं तं काढलं. तिचं बघा."

शनिवार, १३ फेब्रुवारी

तक्रार मागे घेतली. त्याजागी लिहून दिलं: 'रविवारी विद्यार्थी माझ्या परवानगीनं व माझ्या देखरेखीखाली तराजू वापरत होते. पुंजाजीनं माझ्या सांगण्यावरून दार उघडलं.' साहेबांनी दोनदा वाचलं, हसले. टेंपररी माणसाच्या नावावर फाइल बंद होते, त्यांनाही तेच सोयीचं. एप्रिलनंतर मी इथे नसेन.

अकरा कागदांवर सह्या केल्या. सगळ्यात आधी कोकिळाच्या कागदावर.

वाक्यं खोटी आहेत. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं.